परक्या माशाची अर्धी गोष्ट

जैवविविधतेचा धडा शिकवताना ऱ्हासाची जी चार कारणे आपण फळ्यावर लिहितो, त्यांत 'परक्या जातींचे आक्रमण' हे एक असते. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात त्यासाठी माशांची दोन उदाहरणे दिली आहेत. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेल्या नाईल पर्च माशामुळे तिथल्या सिक्लिड माशांच्या दोनशेहून अधिक जाती नष्ट झाल्या, हे एक. मत्स्यशेतीसाठी बेकायदा आणलेल्या आफ्रिकन मागूर माशामुळे आपल्या नद्यांतील देशी मागुरांना धोका निर्माण झाला आहे, हे दुसरे. दोन्ही उदाहरणे योग्य आहेत. परीक्षेत ती लिहिली की गुणही मिळतात.

आमची तक्रार आहे ती या उदाहरणांतून मुलांच्या मनात तयार होणाऱ्या गोष्टीबद्दल. ती गोष्ट तीन वाक्यांची असते : परका मासा आला, त्याने देशी मासे खाल्ले, म्हणून त्याला काढून टाकले पाहिजे. पाठ्यपुस्तकाला जागा कमी असते हे मान्य. पण वर्तमानपत्रांतले लेख, भित्तिपत्रके, निबंधस्पर्धा यांमधूनही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्या माशाला कोणी आणले, तो याच पाण्यात का फोफावला आणि त्याला काढल्यावर पुढे काय झाले, हे तीन प्रश्न तिच्यात कुठेच येत नाहीत. विज्ञान मात्र नेमके या प्रश्नांपाशी सुरू होते.

या लेखात आम्ही ही गोष्ट एका नदीच्या कसोटीवर घासून पाहणार आहोत. नदी दूरची आहे, अमेरिकेतील कोलोरॅडो. ती निवडण्याचे कारण एवढेच की, तिथल्या पाण्याचे तापमान, माशांची मोजणी, घेतलेले निर्णय आणि त्यांचा खर्च या सर्वांची दीर्घकाळची नोंद उपलब्ध आहे.

नदी, धरण आणि थंड पाणी

कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे २,३०० किलोमीटरचा प्रवास करून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. 'कोलोरॅडो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस रंगाचा. पूर्वी ही नदी खरोखरच गढूळ, तांबड्या गाळाची होती. हिवाळ्यात तिचे पाणी शून्य अंशाच्या जवळ जाई, तर उन्हाळ्यात ते २५ अंश सेल्सिअसच्याही वर तापे. वसंत ऋतूत बर्फ वितळून प्रचंड पूर येत. अशा लहरी नदीत टिकून राहतील असे मासे तिथे उत्क्रांत झाले. ग्रँड कॅनियनच्या भागात त्यांच्या आठच देशी जाती होत्या. त्यांपैकी एक म्हणजे हम्पबॅक चब. डोक्यामागे मोठा मांसल उंचवटा, बारीक डोळे, निमुळती शेपटी असे त्याचे रूप असते. तो तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. शास्त्राला त्याची ओळख १९४६ साली रॉबर्ट मिलर यांच्या वर्णनामुळे झाली.

१९६३ साली या नदीवर ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले. धरणाची उंची २१६ मीटर. त्यामागे पॉवेल सरोवर तयार झाले. ते प्रथम काठोकाठ भरायला १९८० साल उजाडले.

इथे थोडे भौतिकशास्त्र आठवावे लागेल. उन्हाळ्यात खोल सरोवराच्या पृष्ठभागाचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. खालचे थंड, जड पाणी तळाशी राहते. दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. पॉवेल सरोवर काठोकाठ भरलेले असताना वीजनिर्मितीच्या जनित्रांकडे पाणी नेणाऱ्या नळांची तोंडे पृष्ठभागापासून सुमारे ७० मीटर खाली असतात. म्हणजे जनित्रांतून फिरून नदीत पडणारे पाणी नेहमी थंड थरातले. त्यामुळे धरणाखालच्या नदीचे तापमान वर्षभर साधारण ७ ते १२ अंशांच्या दरम्यान राहू लागले. गाळ सरोवरातच अडकल्याने पाणी काचेसारखे स्वच्छ झाले.

चबला प्रजननासाठी साधारण १६ अंशांहून अधिक ऊबदार पाणी लागते. मुख्य नदीत ते मिळेना. मग त्याचा सगळा भार लिटल कोलोरॅडो या उपनदीवर पडला. धरणापासून सुमारे १२५ किलोमीटर खाली ती मुख्य नदीला मिळते. तिथे जन्मलेली पिल्ले मुख्य नदीत वाहून आली की थंड पाण्यात त्यांची वाढ खुंटे. ग्रँड कॅनियनमधल्या आठ देशी जातींपैकी तीन तिथून नाहीशा झाल्या. चब १९६७ सालीच धोक्यातील प्राण्यांच्या यादीत गेला.

आता मुलांना विचारून पाहावे : या टप्प्यावर देशी माशांचा मोठा शत्रू कोण? थंड, स्वच्छ पाणी, हे उत्तर यायला हवे. पण पाण्याला शत्रू म्हणायची आपल्याला सवय नाही. मासा लवकर डोळ्यांत भरतो.

यादी बदलली, पण सवय तीच

याच खोऱ्यात १९६२ साली घडलेली एक घटना आम्हाला प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावी अशी वाटते. ग्रीन ही कोलोरॅडोची मोठी उपनदी. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण पुरे होत आले होते. नव्या सरोवरात गळाने पकडण्याच्या खेळासाठी ट्राउट मासे सोडायचे ठरले. त्यासाठी नदीतले 'निरुपयोगी' मासे आधी काढून टाकणे आवश्यक मानले गेले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर लांबीच्या पात्रात रोटेनोन हे विष सोडण्यात आले. रोटेनोन काही वनस्पतींच्या मुळांपासून मिळते. माशांच्या कल्ल्यांतून ते शरीरात शिरते आणि पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. ठरलेल्या ठिकाणी पोटॅशियम परमँगनेट टाकून विष निष्प्रभ करायचे होते. ते पुरेसे झाले नाही, आणि विष खालच्या डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत पोचले.

ते 'निरुपयोगी' मासे म्हणजे आज ज्यांच्या रक्षणासाठी कोट्यवधी डॉलर खर्च होतात तेच देशी मासे. त्यांच्याबरोबर त्या पात्रातले इतर मासेही मेले.

सरकारी खात्यांची त्या वेळची भूमिका आणि आजची भूमिका यांत मोठा फरक आहे, यात शंका नाही. १९७३ सालच्या कायद्याने धोक्यातील जातींना संरक्षण मिळाले, हा फरक फार मोलाचा. पण विचार करण्याची पद्धत पाहिली तर तिच्यात एक सातत्य दिसते. नकोशा माशांची यादी करायची आणि त्या यादीतले मासे मारायचे. १९६२ साली यादीत चब होता, पुढे ट्राउट आला, त्यानंतर बास आला. यादीतली नावे बदलली. यादी हेच मुख्य साधन राहिले.

आकडे काय सांगतात?

दुसरे उदाहरण ट्राउटचे. हा थंड पाण्याचा मासा. धरणाने नदी थंड केल्यावर १९६४ पासून धरणाखाली तो मुद्दाम सोडण्यात आला आणि चांगला रुजला. पुढे तो चबची पिल्ले खातो, असे लक्षात आले. म्हणून २००३ ते २००६ या काळात लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडून मासे गुंगवायचे आणि परके मासे वेचून काढायचे, असा मोठा प्रयोग झाला. सुमारे १९ हजार इंद्रधनुषी ट्राउट काढण्यात आले. त्याच सुमारास चबची संख्याही वाढू लागली.

तीन वाक्यांची गोष्ट इथे आनंदाने संपते. पण संशोधकांनी तुलनेसाठी नदीचा आणखी एक भाग निवडला होता. तिथून ट्राउट काढले नव्हते. त्या भागातही ट्राउट कमी झाले! शिवाय याच वर्षांत दुष्काळामुळे सरोवराची पातळी उतरली होती आणि नदीत येणारे पाणी थोडे ऊबदार झाले होते. ऊबदार पाणी ट्राउटला मानवत नाही आणि चबला मानवते. मग चब वाढला तो ट्राउट काढल्यामुळे की पाणी तापल्यामुळे? दोन्ही कारणे एकाच वेळी घडल्याने ती वेगळी काढणे अवघड झाले, अशी प्रामाणिक नोंद संशोधकांनी केली आहे. प्रयोगात तुलनेचा गट कशाला लागतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. तो दुसरा भाग मोजला नसता तर १९ हजार हा आकडा यशाचा पुरावा म्हणून छापला गेला असता.

या प्रयोगाला झुनी या मूळ निवासी लोकांनी हरकत घेतली. संगमाचा परिसर त्यांना पवित्र आहे. तिथे हजारो जीव मारणे त्यांना मान्य नव्हते. पुढच्या योजनांत ही हरकत विचारात घ्यावी लागली. निसर्गरक्षणाच्या नावाने होणाऱ्या मारण्यालाही कोणाला तरी उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट आपल्या पुस्तकांत क्वचितच येते.

सरोवर आटले आणि बास उतरला

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, ऊबदार पाण्याचा शिकारी मासा. त्याला पॉवेल सरोवरात १९८२ साली सोडण्यात आले, तेही गळाने मासे पकडणाऱ्यांच्या हौसेसाठी. तो 'आला' असे म्हणणे म्हणजे व्याकरणातूनच जबाबदारी पुसून टाकणे होय. त्याला आणले गेले.

पुढची चाळीस वर्षे सरोवरात बास आणि खाली ग्रँड कॅनियनमध्ये चब, असे दोघे एकाच नदीत पण वेगवेगळे राहिले. बास सरोवराच्या वरच्या ऊबदार थरात राहतो. नळांची तोंडे खालच्या थंड थरात होती. चुकून एखादा मासा खाली गेलाच, तरी थंड नदीत त्याची वीण होत नसे. बासला अंडी घालण्यासाठी साधारण १६ अंशांच्या वर पाणी लागते. म्हणजे ज्या थंड पाण्याने चबचे हाल केले, त्याच थंड पाण्याने बासपासून चबचे रक्षणही केले!

इसवी सन २००० पासूनचा दुष्काळ आणि नदीतून होणारा पाण्याचा अतिवापर यांमुळे सरोवर उतरत गेले. २०२२ आणि २०२३ च्या सुरुवातीला पाण्याची पातळी नळांच्या तोंडांपासून जेमतेम १५ मीटरवर आली. म्हणजे तोंडे आता ऊबदार थराच्या जवळ होती. ऊन पाणी आणि त्यातला बास, दोन्ही एकाच वाटेने जनित्रांतून खाली उतरू लागले. काही मासे त्यातून जिवंत बाहेर पडतात. जुलै २०२२ मध्ये धरणापासून काही किलोमीटर खाली, नदीलगतच्या एका संथ खाडीत बासची पिल्ले सापडली. बास तिथे अंडी घालू लागल्याची ती खूण होती.

चबची अवस्था सुधारल्यामुळे त्याला 'नष्ट होण्याच्या बेतात' या वर्गातून 'धोक्यात' या सौम्य वर्गात हलवले गेले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. ही सुधारणा काही अंशी ऊबदार झालेल्या पाण्यामुळेच झाली होती. ज्या पाण्याने चबला हात दिला, त्याच पाण्याने वर्षभरात बासला दार उघडून दिले. 'ऊन पाणी चांगले की वाईट?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, हे मुलांना यावरून समजावे.

कोणता उपाय लागू पडला?

राष्ट्रीय उद्यान सेवेने प्रथम नेहमीचे उपाय केले. त्या खाडीचे तोंड अडवून सप्टेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिथे रोटेनोन वापरले. विजेच्या साहाय्याने मोठे मासे वेचणे चालू ठेवले. हे उपाय चुकीचे होते, असे आमचे म्हणणे नाही. लहान जागेत, मर्यादित मात्रेत, वेळीच वापरलेले विष आणि १९६२ साली सातशे किलोमीटर नदीत सोडलेले विष यांत मोठे अंतर आहे. पण वरून मासे आणि ऊन पाणी येतच राहणार असेल तर खालची वेचणी कुठवर पुरणार? तुंबलेल्या मोरीचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे ते काम होते.

म्हणून २०२४ साली वेगळा उपाय केला गेला. धरणाला वीजनळांच्याही सुमारे ३० मीटर खाली आणखी चार मोठे नळ आहेत. त्यांतून तळाचे गार पाणी सोडता येते. मात्र त्यांवर जनित्रे नाहीत, म्हणून तेवढ्या पाण्याची वीज मिळत नाही. जुलै ते नोव्हेंबर २०२४ या काळात वरचे ऊन पाणी आणि खालचे गार पाणी मिसळून सोडण्यात आले. लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंत नदी सुमारे १५.५ अंशांच्या खाली ठेवणे हा हेतू होता. त्या हंगामात धरणाखाली बासची नवी पिल्ले आढळली नाहीत.

यामागचे गणित आठवीच्या मुलांनाही करता येईल. समजा, वरचे पाणी २० अंशांचे आहे आणि खालचे ११ अंशांचे. (हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत.) मिश्रण १५.५ अंशांचे हवे असेल तर दोन्ही पाणी किती प्रमाणात मिसळावे? उत्तर निम्मे-निम्मे येते. म्हणजे निम्मे पाणी जनित्रांना वळसा घालून जाणार आणि निम्मी वीज बुडणार. प्रत्यक्षात २०२४ च्या त्या काही महिन्यांत सुमारे दोन कोटी डॉलरची वीज बाहेरून घ्यावी लागली. ही स्वस्त वीज घेणाऱ्यांत लहान गावे, सहकारी संस्था आणि मूळ निवासी जमातीही आहेत. त्यांचा विरोध केवळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

खालच्या नळांचा प्रश्नही होता. एप्रिल २०२३ मध्ये मोठा प्रवाह सोडल्यानंतर त्यांच्या आतील बाजूस झीज आढळली होती आणि अस्तर दुरुस्तीचे काम करावे लागले. २०२५ च्या उन्हाळ्यात असे गार प्रवाह सोडले गेले नाहीत. बासची पिल्ले जिथे सापडली त्या खाडीचा आकार बदलून तिथले साचलेले, तापणारे पाणी वाहते करण्याचे काम मात्र हाती घेतले गेले. सरोवरात नळांपुढे जाळी किंवा पडदा लावण्याच्या कल्पनांचाही अभ्यास झाला.

ग्रीन नदीवर, त्याच फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली, आणखी एक युक्ती २०२१ पासून करून पाहण्यात आली. बासचा नर दगडगोट्यांत घरटे करतो आणि अंडी-पिल्लांची राखण करतो. नेमक्या त्या दिवसांत धरणातून पाण्याचा जोरदार लोंढा सोडला की थंड, गढूळ पाण्यात नर घरटे सोडून जातो आणि पिल्ले वाहून जातात. थोडक्यात, जुन्या पुराची नक्कल! देशी माशांना असे लोंढे नवे नाहीत. बासला ते सोसत नाहीत.

हे सर्व उपाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. मासे वेचणे आणि विष घालणे यांनी वेळ मिळाला. वीण थांबवण्याचे काम पाण्याने केले. त्याचे तापमान, त्याचा वेग, त्याचा गढूळपणा यांनी. आणि पाणी कसे सोडायचे, हे माणसे ठरवतात.

आमचा आक्षेप

आता तीन वाक्यांच्या गोष्टीतले दोष स्पष्टपणे मांडता येतील.

पहिला दोष : ती माशाला कर्ता करते आणि माणसाला प्रेक्षक. ट्राउट सोडणारी, बास सोडणारी, धरण बांधणारी आणि सरोवर उतरेपर्यंत पाणी वापरणारी माणसे तिच्यात दिसत नाहीत. कोलोरॅडोच्या पाण्यावर सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत. सरोवराची पातळी किती राहणार, हे बरेचसे पाणीवाटपाच्या करारांवर ठरते. यांपैकी २००७ साली ठरलेल्या नियमांची मुदत २०२६ अखेरपर्यंतची होती. चबचे भवितव्य माशांच्या खात्याइतकेच या वाटाघाटींच्या टेबलावर ठरते.

दुसरा दोष : ती यश मोजायला चुकीचे माप देते. किती परके मासे मारले, हे माप सोपे आहे. किती देशी पिल्ले मोठी झाली, हे माप अवघड आहे, पण तेच खरे.

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. 'परका' हा शब्द ती कायमच्या गुणासारखा वापरते. जणू काही जाती जन्मजात वाईट असतात. बास त्याच्या मूळ नद्यांत परिसंस्थेचा एक सभ्य रहिवासी आहे. आणि 'देशी' हा शब्दही देशाच्या सीमेवरून ठरत नाही, नदीच्या खोऱ्यावरून ठरतो. बास अमेरिकेचाच आहे. तरीही कोलोरॅडोत तो परका आहे.

याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे खुद्री महाशीर. हा दख्खनचा मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतून त्याचे वर्णन केले. तो कमी होऊ लागला म्हणून लोणावळ्याला त्याची पैदास सुरू झाली, आणि ते काम कौतुकाचेच होते. पण त्याची पिल्ले पुढे कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा एक वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर आहे. खुद्री वाढला आणि तो घटत गेला. २०१८ साली त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पटली आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत गणला गेला. महाराष्ट्राचा लाडका देशी मासा कावेरीत परका ठरला! रोहूचेही असेच. तो मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. आपल्या धरणांत त्याचे बीज नेमाने सोडले जाते, पण त्याला परका म्हणायचे आपल्याला सुचत नाही.

शब्दांची ही सवय वर्गाबाहेरही जाते. 'परके आले, आपले संपवले, त्यांना हाकला' हे वाक्य मूल माशांपुरतेच ठेवील, याची खात्री कोणी द्यावी? जीवशास्त्राच्या तासाला आपण अशा वाक्यांना शास्त्राचा शिक्का देऊ नये.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा करत बसलो तर बास चबला खाऊन टाकेल. हा आक्षेप रास्त आहे. बासला आवर घालायला हवा आणि लवकर घालायला हवा. एकदा तो संगमापर्यंत रुजला तर परत फिरणे फार कठीण. चब जगात दुसरीकडे कुठेही नाही. कोलोरॅडोचे खोरे हेच त्याचे घर. पण तातडी आहे म्हणूनच कारण नेमके ओळखावे लागते. ताप उतरवणारी गोळी द्यावी, पण तापाचे कारण शोधणे थांबवू नये.

वर्गात काय करता येईल?

एक सोपा प्रयोग. सारख्या तोंडाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत कोमट, लाल रंगाचे पाणी आणि दुसरीत फ्रीजमधले, निळ्या रंगाचे पाणी काठोकाठ भरा. लाल बाटलीच्या तोंडावर जाड कार्ड धरून ती निळीवर उपडी ठेवा आणि कार्ड हळूच ओढून घ्या. दोन्ही रंग बराच वेळ वेगळे राहतात. मग हाच प्रयोग निळी बाटली वर ठेवून करा. रंग लगेच मिसळतात. यानंतर फळ्यावर धरणाची आकृती काढून विचारा : नळाचे तोंड कुठे ठेवाल, आणि कोणत्या माशासाठी? सरोवर अर्धे आटले तर काय होईल?

दुसरे, आपल्याच गावचा अभ्यास. उजनीच्या काठावर कोणालाही 'चिलापी' विचारा, लगेच ओळखतील. चिलापी म्हणजे टिलापिया. मोझांबिक टिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. तो आज किती तरी मच्छीमार कुटुंबांचे पोट भरतो आणि देशी माशांची जागाही घेतो. मुलांनी जवळच्या धरणावर किंवा बाजारात जाऊन जुन्या मच्छीमारांना विचारावे : तुमच्या लहानपणी कोणते मासे मिळत? कोणते बंद झाले? त्या सुमारास नदीत काय बदलले? धरण झाले, कारखाना आला, वाळू उपसली, की नवे बीज सोडले? उत्तरे वहीत उतरवावीत, वर्ष आणि ठिकाण घालून. उत्तरांमध्ये एकच दोषी सापडला नाही तर शिक्षकांनी निराश होऊ नये. बहुधा तो सापडणारच नाही.

परीक्षेत दोन ओळींचेच उत्तर लागते, याची आम्हाला जाणीव आहे. तेव्हा तिसरी ओळ जोडावी, एवढीच आमची विनंती आहे. परका मासा कोणता, हे पहिल्या ओळीत. त्याने काय केले, हे दुसऱ्या ओळीत. आणि त्याला तसे करता यावे म्हणून पाण्यात आधी काय बदलले होते व ते कोणी बदलले, हे तिसऱ्या ओळीत. ती तिसरी ओळ लिहायला शिकलेली मुले उद्या एखाद्या धरणाच्या नियंत्रण कक्षात किंवा ग्रामसभेत बसतील, तेव्हा कोणता मासा मारायचा यापूर्वी पाणी कसे सोडायचे, हा प्रश्न विचारतील.